दुसऱ्याने लिहिलेलं वाचताना

धुळे-शिरपूरकडच्या कितीतरी मुली इंजिनीअर होऊन पुण्याला सॉफ्टवेअर कंपन्यांत जातात. आपल्याला वाटतं, पोरगी दिवसभर नवे प्रोग्राम लिहीत असेल. खरं तर तिचा बराच वेळ दुसऱ्याने लिहिलेला कोड समजून घेण्यात जातो. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला! सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी मिठाचा डबा शोधावा, तशी गत. विचारायचीही चोरी.

एक ओळ बदलली तर आणखी कुठे बिघडेल, हा तिचा खरा प्रश्न. २००० साल उजाडताना तो साऱ्या जगापुढे होता. जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले. ते कुठे कुठे दडलेत हे शोधायला खास साधनं बनवावी लागली. आता एआय कोडचा अर्थही सांगतं. पण कोड काय करतो एवढ्यावर भागत नाही. तो असा का लिहिला, तेही कळायला हवं.

हा ‘का’ धुळेकरांना नवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जमवलेली मोडी कागदपत्रं आपल्याकडच्या संशोधन मंडळात आहेत. नुसतं अक्षर लागलं म्हणून पत्र कळतं का? कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिलं, हे पाहावं लागतं.

तेव्हा अशी साधनं करणाऱ्यांनी आधी नव्याने रुजू झालेल्या मुलीशेजारी बसावं, ती कुठे अडते ते पाहावं. आणि मैत्रिणींनो, लेकीला सांगा, विचारण्यात कमीपणा नाही. स्वतः लिहिताना मात्र मागून येणारीसाठी कारणाची एक ओळ लिहून ठेव.