न काढलेल्या तिकिटाची लॉटरी

जे तिकीट आपण काढलेच नाही, त्याला बक्षीस कसे लागेल? एवढा एक प्रश्न विचारला तरी भामट्यांचा धंदा बसतो. 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने २५ लाख लागल्याचे संदेश मोबाइलवर येतात. मग आधी 'कर', पुढे 'प्रक्रिया शुल्क' मागितले जाते. आम्ही स्पष्ट सांगतो, खऱ्या रोख बक्षिसावरील कर देणाराच रकमेतून कापून घेतो. परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी पैसे पाठविण्यास तर परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनीच मनाई आहे.

तुमसर, साकोली, पवनीकडे धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या घरात असा फोन खणखणतो, तेव्हा लोभ नव्हे, गरज फसते. म्हणून फसलेल्याला हसू नका. लाजेने तो गप्प बसला की भामट्याला पुढचे सावज मिळते. ताबडतोब १९३० वर आणि पोलीस ठाण्यात कळवा.

तथागतांनी ऐकीव गोष्ट तपासूनच स्वीकारायला शिकविले. १९५४ साली बाबासाहेबांनी ज्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, तेथील विहाराविहारांत रविवारी ही चर्चा झालीच पाहिजे. नशिबाच्या भरवशावर कोणताही समाज उभा राहिलेला नाही.