पाठ शुद्ध, म्हणून साक्ष खरी?

सौंसरच्या आठवडी बाजारात अलीकडे एक छापील पत्रक आमच्या हाती आले. बायबलातील नव्या कराराच्या पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखित प्रती उपलब्ध आहेत, दुसऱ्या कोणत्याही प्राचीन ग्रंथास हे भाग्य लाभलेले नाही, सबब त्यातील प्रत्येक वृत्तान्त ऐतिहासिक सत्य होय, असा त्याचा आशय. आठच दिवसांनी पांढुर्ण्यातील एका देवळाच्या सभामंडपात त्या पत्रकाचा समाचार घेणारे व्याख्यान झाले. वक्त्यांनी छातीठोकपणे सांगितले की, बायबल हे वेळोवेळी सोयीप्रमाणे बदललेले पुस्तक असून मूळ काय होते ते कोणासच ठाऊक नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही मंडपात होतो. आम्ही टाळी वाजविली नाही. वक्ते आमचे स्नेही आहेत. त्यांचा राग पत्करून आम्ही म्हणतो की, पत्रक चुकले तेवढेच व्याख्यानही चुकले, आणि व्याख्यानाची चूक आपल्या घरातली म्हणून अधिक घातक.

प्रथम पत्रकाचे जे खरे आहे ते मान्य करू. १९४७ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत यशयाच्या ग्रंथाची गुंडाळी मिळाली. तोवर ज्ञात असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींहून ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. दोन्ही पडताळून पाहता फरक आढळले, पण बहुतेक लेखनपद्धतीचे. ग्रंथ तोच राहिला होता. नव्या कराराचे म्हणाल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहाताएवढा पपायरसाचा तुकडा मँचेस्टरला आहे. बहुतेक तज्ज्ञ तो दुसऱ्या शतकातला मानतात. सिनाई पर्वताच्या मठात एकोणिसाव्या शतकात मिळालेली मोठी प्रत चौथ्या शतकातली. म्हणजे मूळ लेखन आणि ही प्रत यांत अदमासे पावणेतीनशे वर्षांचे अंतर.

वाचकहो, या आकड्याने हसू नका. ज्ञानदेवांनी भावार्थदीपिका सांगितली शके १२१२ मध्ये आणि नाथांनी ती शुद्ध केली शके १५०६ मध्ये. मधली वर्षे २९४. नाथांच्या पुढ्यात निरनिराळ्या प्रती होत्या, पाठ बिघडलेले होते, म्हणून तर शोधनाचे काम त्यांस हाती घ्यावे लागले. तेवढ्यावरून ज्ञानेश्वरी बनावट आहे असे कोणी म्हटले, तर आपण त्यास मंडपाबाहेर काढू. जे माप आपल्या पोथीस लावताना आपला हात थरथरतो, ते दुसऱ्याच्या पोथीस लावताना इतका सैल कसा सुटतो?

'बदललेले' म्हणणाऱ्यांस आणखी एक विचारावेसे वाटते. बायबलात कोठे काय बदलले, हे तुम्हांस कळले कोणाकडून? मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओळी सर्वांत जुन्या दोन मोठ्या प्रतींत नाहीत; व्यभिचाराचा आरोप आलेल्या स्त्रीची प्रख्यात कथा योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत नाही; त्रैक्याचे एक वचन लॅटिन परंपरेतून मागाहून शिरले. एरॅस्मसने १५१६ साली ते वगळले, आणि ओरड झाल्यावर १५२२ साली पुन्हा घातले. या साऱ्या गोष्टी ख्रिस्ती विद्वानांनीच शोधल्या, छापल्या, पुष्कळ ठिकाणी बायबलाच्याच पानाखाली टीप देऊन सांगितल्या. प्रती पुष्कळ म्हणून भेद पुष्कळ, आणि भेद पुष्कळ म्हणूनच मूळ शोधता येते. एकच प्रत असती तर भेदही नसते आणि शोधही नसता.

आपल्याकडेही हे काम झालेले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पडताळली गेली. व्यासांचा लेखनिक गणपती झाल्याची कथा संपादकांनी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. त्यानंतर एकाही गणपतीपुढचा एकही मोदक कमी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गोमंतकीय वाचकांस घरचाच दाखला देतो. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत, कोंकणीची छटा घेऊन, १६१६ साली रायतूरला छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले. या तिन्ही छाप्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही! ग्रंथ जगला तो हातांनी उतरून घेतलेल्या प्रतींवर. त्यांच्या आधारे सालढाणांनी १९०७ साली मंगळुरास तो छापला. पुढे लंडनच्या मार्सडेन संग्रहात नागरी प्रत उजेडात आली, तर मंगळुरी पुस्तकात जेथे लॅटिन-पोर्तुगीज शब्द होते तेथे हिच्यात संस्कृत शब्द निघाले. यांतले स्टीफन्सचे शब्द कोणते, यावर विद्वान अजून भांडतात. तरी पुराण स्टीफन्सचे आहे, याविषयी कोणी शंका घेत नाही.

इथवर आम्ही पत्रकाच्या बाजूने बोललो. आता पत्रककर्त्यांनी ऐकावे.

आमच्या व्यवसायात जुन्या दस्तऐवजाचा एक नियम आहे. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील अक्षर व सही ज्याची म्हटली त्याचीच, असे न्यायालयास गृहीत धरता येते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे हे कलम ९०. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ९२. ग्रीनलीफ या हार्वर्डच्या कायदेपंडिताने १८४६ साली याच जातीच्या नियमाच्या बळावर चारही शुभवर्तमाने कोर्टात उभी केली होती. पण गृहीत धरले जाते ते अक्षर. मजकुराची सत्यता नव्हे. पणजोबांचे खरेदीखत अस्सल ठरले म्हणून त्यात लिहिलेली चतुःसीमा बरोबर ठरत नाही. त्यासाठी जमिनीवर जाऊन मोजणी करावी लागते. हे पांढुर्ण्यातल्या कोणत्याही संत्रा-बागाईतदारास वकिलावाचून समजते.

मोजणी केली तर काय निघते? टॅसिटस या रोमन इतिहासकाराने पिलाताच्या अमलात ख्रिस्तास देहान्त झाल्याचे नमूद केले आहे. १९६१ साली सीझरियास पिलाताचे नाव कोरलेली शिला सापडली. हे बांध जुळले. उलट लूक येशूचा जन्म हेरोदाच्या काळी आणि क्विरीनियाच्या शिरगणतीच्या वेळी झाला असे सांगतो. हेरोद इसवी सनापूर्वी ४ साली वारल्याचे सामान्यतः मानतात आणि ती शिरगणती इसवी सन ६ मधली. हा बांध जुळत नाही, आणि जुळविण्याचे जे खटाटोप झाले ते आम्हांस पटलेले नाहीत. पुनरुत्थानाची मोजणी तर कोणत्याच साखळीने होण्यासारखी नाही. तो श्रद्धेचा प्रांत. तेथे आम्ही जोडे बाहेर काढून उभे राहतो, पण प्रतींची गणती घेऊन तेथे कोणी शिरू लागला तर त्यास अडवितो.

गोटमारीचेच पाहा ना. जाम नदी खरी, पलीकडचे सावरगाव खरे, पात्रात रोवलेला पळस खरा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फुटणारी डोकी तर फारच खरी. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळविली ही कथा मात्र या खरेपणाने सिद्ध होत नाही. कोणी भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाचे मूळ सांगतात. कथेची जागा खरी असणे निराळे, कथा खरी असणे निराळे.

मग व्याख्यात्यांनी करायचे काय? विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकाठी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे समोरासमोर वाद करीत. पाठीमागून टाळ्या घेत नसत. पुराणिकाच्या घरची लेक रमाबाई ख्रिस्ती झाली हे आपल्यास रुचो न रुचो. बायबल मराठीत आणण्यासाठी ती उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकली आणि १९२२ साली मरेपर्यंत त्याच कामात राहिली. आपल्या मंडपातील किती जण स्वतःच्या पोथीसाठी मोडी तरी शिकले?

हा प्रश्न आम्ही उगाच विचारीत नाही. त्या व्याख्यानाच्या आदल्या पावसाळ्यात पांढुर्ण्याच्या एका जुन्या वाड्यातून लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्यांची तीन बासने जाम नदीत सोडण्यात आली. वाडा पाडावयाचा होता. बासनांत काय होते, असे आम्ही नंतर विचारले. सोडणाऱ्याने ती उघडलीच नव्हती.