श्रद्धेला प्रवेश असावा, विशेषाधिकार नसावा

स्वीडनमधील ख्रिस्ती लोकशाही पक्षाचा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास घेतले जातात. तो चर्चचा पक्ष आहे, तो एका चित्रपटावरच्या संतापातून जन्मला आणि धर्म राजकारणात आला की लोकशाहीला सुरुंग लागतो.

पहिला आक्षेप टिकत नाही. 1964 मध्ये पक्ष निघाला तेव्हा स्वीडनमध्ये ल्युथेरन चर्चला राजमान्यता होती. पण पुढाकार घेतला लेवी पेत्रुस यांनी. स्टॉकहोमच्या फिलाडेल्फिया मंडळीचे ते दीर्घकाळ पाळक होते. म्हणजे राजाश्रयाबाहेरच्या पेंटेकॉस्टल अल्पसंख्याकांचे ते पुढारी.

दुसरा आक्षेप अर्धसत्य आहे. ‘491’ या चित्रपटावरून वादळ उठले होते, हे खरे. चित्रपटांवरील बंदीची मागणी मलाही अमान्य आहे. पण त्याच सुमारास शाळांतील ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे तास घटवण्याविरुद्ध 20 लाखांहून अधिक सह्या जमल्या होत्या, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या 80 लाखसुद्धा नव्हती. एवढ्या लोकांना आपले गाऱ्हाणे संसदेत मांडावेसे वाटले, तर त्यात गैर काय?

तिसरा आक्षेप गंभीर आहे. धर्माच्या नावाने इतरांचे हक्क हिरावणारे राजकारण घातकच. म्हणून पक्षाची पारख तो पराभव कसा पचवतो यावरून करावी. या पक्षाला पहिल्या निवडणुकीत दोन टक्केही मते मिळाली नाहीत. पुढे संसदेत प्रवेशासाठीची चार टक्के मतांची अट आडवी आली. 1985 मध्ये सेंटर पक्षाशी समझोता करून पक्षाचे नेते आल्फ स्वेन्सन एकटेच संसदेत पोहोचले. स्वबळावर 26 जागा मिळायला 1991 उजाडले. मग सत्तेत वाटा मिळाला. लहान मुलांना घरी सांभाळणाऱ्या पालकांसाठीचा भत्ता 1994 मध्ये सुरू झाला, पण सत्तापालट होताच रद्दही झाला. पक्ष पुन्हा मतदारांपुढे गेला आणि 1998 मध्ये 42 जागा जिंकून आला.

हीच लोकशाहीची शिस्त. श्रद्धावान माणसाने आपली मूल्ये घरी ठेवून मतदानाला यावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्याने ती मांडावीत, इतरांना पटवून द्यावीत आणि नाही पटली तर कौल मानावा. या पक्षाच्या धोरणांवर हवी तेवढी कठोर टीका करा. निवडणुकीला उभे राहण्याचा त्याचा हक्क मात्र नाकारू नका.