आजोबांचे दोष कुठे गेले?

परवाच्या शोकसभेत एकामागून एक वक्ते उठले आणि सगळ्यांनी एकाच माणसाचे गुण गायले. अडचण एवढीच की तो माणूस मी कधी पाहिलेला नव्हता. गेलेले गृहस्थ मात्र माझ्या चांगल्या ओळखीचे. पत्त्यांत हरले की रुसायचे. नातीच्या गॅदरिंगला तिच्याआधी तयार होऊन दारात उभे राहायचे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालायचे आणि त्याच्याच मुलाची फी गुपचूप भरायचे. सभेत यातले काहीच आले नाही. ‘मनमिळाऊ, परोपकारी, अजातशत्रू’ एवढेच. अजातशत्रू! पार्किंगवरून ज्या सोसायटीच्या चेअरमनला त्यांनी राजीनामा द्यायला लावला, त्याच सोसायटीच्या हॉलमध्ये हे चालले होते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्याकडे माइक कोणी नेला नाही.

एक संशय नोंदवतो, पुरावा मागू नका: श्रद्धांजलीचे फ्लेक्स स्वस्त झाले तेव्हापासून मराठी माणूस मेल्यावर निर्दोष होऊ लागला.

नवरा कसा आठवावा, हे लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्याला कधीच दाखवून ठेवले आहे. त्यांचे पती, कवी रेव्हरंड टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. मुलाने, देवदत्तांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या. आता आपल्याकडचा एखादा कार्यकर्ता असता तर त्याने ‘थोर कवी, थोर समाजसेवक’ अशी यादी पुढे करून बाईंची सही घेतली असती. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४पासून ती भागाभागाने पुस्तकरूपात आली. त्यात टिळक संतापतात, न सांगता घर सोडून जातात, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होतात आणि संसाराचा हिशेब बायकोच्या माथी मारतात. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि त्यांची पत्नी काही वर्षे त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिली. ही जखमही बाईंनी झाकली नाही. स्वतःच्या सोवळ्याओवळ्याचीही त्यांनी तितकीच फजिती केली.

आणि एवढे सगळे वाचून आपण टिळकांच्या प्रेमात पडतो! बाई नवऱ्याची बाजू घेत बसत नाहीत. त्यांच्यावर चिडतात, हसतात, आणि त्यांच्याशिवाय आपले जगणे काय होते हे आडून सांगतात. इतकी वर्षे ज्याच्याशी भांडण केले, त्याच्याबद्दल सपाट गौरव लिहायला हात धजत नाही, हे खरे प्रेमाचे लक्षण. ‘फुलांमुलांचे कवी’ हे बिरूद आपण शाळेत पाठ केले. घरातला माणूस दाखवला तो बायकोने. पुढे याच पुस्तकाच्या संपादनाला नातू अशोक टिळकांनी हात घातला. आजोबांच्या खोड्या त्यांनी पुसल्या असत्या तर त्या घराची अब्रू वाढली नसती, पुस्तक मात्र गेले असते.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाईंसारखी लेखणी सगळ्यांना कुठे मिळते? कबूल. पण परवा लेखणीची गरजच नव्हती, माइक पुरे होता. काकूंनी दोन मिनिटांत तो भाजीवाला उभा केला असता. त्याऐवजी वृत्तपत्रातल्या बातमीत ‘पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ अशी त्यांची नोंद झाली.

वाचकहो, तुमच्या घरातले आजोबा गेले असतील तर वर्षश्राद्धाच्या आधी आजीपाशी बसा. ते कशावरून चिडायचे, पैसे कुठे उडवायचे, कोणाला न सांगता काय द्यायचे, हे विचारा आणि ती सांगेल तसे लिहून घ्या. मधे तिला ‘असं नको गं बोलूस’ म्हणून अडवू नका.