विसण, बकेट आणि शॉवर

आमच्या मराठवाड्यात शॉवर म्हणजे चैन. नळाला पाणी येईल त्या दिवशी टाक्या, पिंपं, घागरी भरून ठेवायच्या आणि पुढच्या पाण्यापर्यंत ते पुरवायचं, अशा गावात छताखाली धो धो पाणी सोडून उभं राहायचं म्हणजे माजच की! 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. सेलू तालुक्यातच ब्रह्मवाकडीला निम्न दुधना धरण आहे, पण धरण जवळ असलं म्हणून पाणी उधळायची सवय काही लागत नाही, आणि लागूही नये.

तरीही माझं मत असं की ज्या घरात म्हातारं माणूस आहे, त्या घरात गरम पाण्याचा शॉवर ही चैन नव्हे, गरज आहे.

आमच्या आईचं वय आता चौऱ्याहत्तर. उजवा खांदा वर जात नाही, गुडघे तर विचारूच नका. लहानपणी आमच्या घरी तांब्याचा बंब होता. त्यात तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या घालायच्या, कढत पाणी बकेटीत काढायचं, विसण घालायचं आणि बकेट उचलून न्हाणीत न्यायची. हे सगळं पहाटे उठून आईच करायची. पुढे बंब गेला, पाण्यात सोडायची कॉइल आली, पण बकेट उचलणं आणि वाकून तांब्या भरणं काही सुटलं नाही. परभणीकडची डिसेंबर-जानेवारीतली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या मंडळींना वाटतं की तिकडे नुसतं ऊनच असतं. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली सहज उतरतो बरं!

तर यंदा घरी शॉवर बसवायचं ठरलं आणि नातेवाइकांच्या सूचनांचा पाऊस सुरू झाला.

इंग्लंडमधला मावसभाऊ म्हणाला, "आमच्याकडे असतो तसा इलेक्ट्रिक शॉवर लाव. टाकी नको, काही नको, बटण दाबलं की गरम पाणी." कल्पना छानच. पण तिकडचा शॉवर साडेआठ-दहा किलोवॅट वीज खातो. नऊ किलोवॅट धरले तर 230 व्होल्टला 39 अँपिअर होतात. आपल्याकडच्या साध्या सिंगल फेजच्या घरात एवढा भार एकट्या न्हाणीवर टाकायचा?

आपल्याकडे मिळतो तो तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर. तो 13 अँपिअरवर चालतो. एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल लागतात. वीस अंशांचं पाणी चाळीसवर न्यायचं तर तीन किलोवॅटमध्ये मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी मिळतं. म्हणजे दहा मिनिटांत वीस लिटर, बरोबर एक बकेट! गंमत बघा, ज्याला आपण उधळपट्टी म्हणतो तो शॉवर प्रत्यक्षात बकेटीएवढंच पाणी देतो. मोठ्या तोटीतून हंडे वाहतात ते वेगळं, पण तो दोष तोटीचा, शॉवरचा नव्हे.

मग इन्स्टंट का नाही घेतला? कारण आमच्याकडचा व्होल्टेज. 230 च्या जागी 180 आला तर तीन किलोवॅटचे 1.8 किलोवॅट उरतात, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. आई साबण लावून बसलेली आणि पाणी कोमट, नाहीतर वीजच गेलेली, असं नको.

गॅस गिझर आम्ही पहिल्याच फेरीत बाद केला. बंद न्हाणीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. सोलरबद्दल माझं मत चांगलं आहे, उन्हाची तर आमच्याकडे ददातच नाही. पण आमच्या छतापासून न्हाणीपर्यंत पाइप लांब आहे. गरम पाणी येईपर्यंत आधीचं गार पाणी सोडून द्यावं लागणार, आणि ते आईला बघवणार नाही.

शेवटी पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा साठवणीचा गिझर घेतला. पंधरा लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापलं की त्यात तेवढंच गार विसण घालून चाळीस अंशांचं तीस लिटर पाणी होतं. वीज लागते 0.7 युनिट, वेळ वीसेक मिनिटं. व्होल्टेज कमी असला तर अर्धा तास, एवढाच फरक. आणि तापल्यावर वीज गेली तरी आंघोळ होते.

शॉवर मात्र डोक्यावर लावला नाही, हातातला लावला. खाली प्लॅस्टिकचं भक्कम स्टूल, भिंतीला धरायला दांडी. छतावरच्या टाकीचा दाब मुळात कमी असतो. सात फुटांवरच्या शॉवरला तो पुरत नाही, पण बसून कमरेच्या उंचीवर धरलेल्या शॉवरला चार फूट जास्तीचा दाब मिळतो. नियम एकच, आधी गार नळ, मग गरम.

आता खरं सांगायचं ते. कंपनी कोणती घ्यावी यावर लोक महिनाभर चर्चा करतात आणि अर्थिंगवर पाच मिनिटंसुद्धा नाही. जुन्या घरात अर्थिंगची वायर बऱ्याचदा नुसती दिसायला असते. आम्ही गिझरच्या आधी अर्थिंगचा नवा खड्डा केला, मीटरपासून चार स्क्वेअरची स्वतंत्र वायर ओढली आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. "एमसीबी आहे की, मग हे कशाला?" असं बाबांनी विचारलं. 16 अँपिअरचा एमसीबी पडायच्या कितीतरी आधी माणूस जातो, हे त्याचं उत्तर. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. ओल्या अंगाने, अनवाणी बसलेल्या माणसाच्या बाबतीत यात कसली काटकसर?

बोअरचं पाणी जड असेल तर वर्षातून एकदा गिझर उघडून क्षार काढायचे आणि आतली मॅग्नेशियमची कांडी बघायची. ती झिजते म्हणून टाकी टिकते.

आईचं म्हणाल तर पहिले दोन दिवस तिने शॉवरने बकेट भरली आणि तांब्यानेच आंघोळ केली! तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पाठ ओली करायला कोणाला हाक मारावी लागली नाही रे." घरात म्हातारं माणूस असेल तर हिवाळ्याच्या आत एवढं करून घ्या. सुरुवात अर्थिंगपासून करा.