खालच्या गटातली पोरं

आमच्या दुसरबीडला पारावर माझी एका गोष्टीवरून नेहमी थट्टा होते. माझ्याकडे एक वही आहे. शंभर पानी, रेघी. तिच्यात मी कुस्ती खेळणाऱ्या पोरांची नावं लिहून ठेवतो. नाव, गाव, वजन, कुठे खेळला, जिंकला की हरला. पेपरात चार ओळी आल्या तर कात्रण चिकटवतो. यात एकही महाराष्ट्र केसरी नाही, आणि थट्टा त्याचीच आहे. "मास्तर, तुमचा सत्तावन किलोवाला काय म्हणतो?" असं कोणीतरी विचारतं आणि मग सगळे हसतात.

हसू द्या. पण आज त्या हसण्यावरच लिहायचं आहे, कारण मला ते निरुपद्रवी वाटत नाही.

आपल्याकडे कुस्ती म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सव्वाशे किलोचा गडी, खांद्यावर चांदीची गदा. १९६१ साली औरंगाबादला पहिला महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हापासून ते चित्र आपल्या मनात पक्कं बसलं आहे. त्यात वाईट काही नाही. मी स्वतः २०१८ च्या डिसेंबरात जालन्याला अधिवेशन बघायला गेलो होतो. आमच्याकडून जालना म्हणजे सिंदखेडराजावरून सरळ रस्ता. त्या वर्षी बाला रफिक शेखने अभिजित कटकेला ११-३ ने हरवलं. तो बुलडाणा जिल्ह्याकडून खेळत होता. दुसऱ्या दिवशी आमच्या भागात काय आनंद होता! बुलडाण्याला गदा आली!

गदा आली हे खरं. पण पैलवान मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला, आणि तयार झाला कोल्हापुरात आणि पुण्यात. त्याच्याबद्दल मला आदरच आहे, त्याने आमच्या जिल्ह्याला मान मिळवून दिला. माझा प्रश्न आम्हाला आहे. त्याच अधिवेशनात, त्याच मैदानात, ५७ किलोपासून ९७ किलोपर्यंतचे गट होते, मातीवर वेगळे आणि गादीवर वेगळे. त्यात आमच्या जिल्ह्याकडून कोण खेळलं, हे पारावर मी विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. ज्यांना गदा कोणी जिंकली, किती गुणांनी जिंकली, कोणता डाव टाकला हे पाठ होतं, त्यांना आपल्या जिल्ह्याच्या एका पोराचं नाव ठाऊक नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. १९५२ पासून २०२४ पर्यंत भारताला ऑलिंपिकमध्ये कुस्तीची एकूण आठ पदकं मिळाली. खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, ५७ किलो. सुशीलकुमार, २००८ आणि २०१२, दोन्ही वेळा ६६ किलो. योगेश्वर दत्त, २०१२, ६० किलो. साक्षी मलिक, २०१६, ५८ किलो. टोकियोत रवी दहिया ५७ आणि बजरंग पुनिया ६५. पॅरिसला २०२४ मध्ये अमन सेहरावत, पुन्हा ५७. संपली यादी. आठ पदकांतलं एकही ६६ किलोच्या वरचं नाही आणि तीन तर नेमकी ५७ ची आहेत!

म्हणजे ज्या "सत्तावन किलोवाल्या"वर आमचा पार हसतो, त्याच गटाने देशाला सगळ्यात जास्त दिलं आहे. वर्गात मी हे गणित फळ्यावर मांडलं असतं तर चौथीच्या पोराने उत्तर दिलं असतं. मोठ्यांना मात्र ते सुटत नाही.

खाशाबांचंच बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस १९४८ ला लंडनमध्ये सहावा आला आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्य घेऊन आला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. सरकारने अर्जुन पुरस्कार दिला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. आणि हे खाशाबा आजच्या नियमांनुसार महाराष्ट्र केसरीच्या गटात उभेही राहू शकले नसते, कारण तो गट ८६ ते १२५ किलोचा. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेचंही तेच. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण, २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. जगात तिसरा, पण केसरीच्या गदेला हात लावायची सोय नाही!

मागे नातू सुट्टीत आला होता. त्याने मोबाइलवर जपानची सुमो कुस्ती दाखवली. मला आधी वाटलं, हे तर आमच्यापेक्षा वजनाचे वेडे! पण जसजसं समजून घेत गेलो तसतसा चाट पडलो. सुमोत वजनाचे गटच नाहीत. सहा पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली जोनोकुची, मग जोनिदान, सान्दानमे, माकुशिता, ज्युर्यो आणि सगळ्यात वर माकुउची. वर्षाला सहा स्पर्धा. खालच्या चार पायऱ्यांवरच्यांना प्रत्येक स्पर्धेत सात कुस्त्या मिळतात. चार जिंकल्या की पुढच्या यादीत वर, चार हरल्या की खाली. हिशेब इतका सरळ आहे.

आणि ती यादी! प्रत्येक स्पर्धेआधी एक मोठा कागद निघतो, बांझुके म्हणतात त्याला. पंच तो हाताने लिहितात. वरच्यांची नावं ठळक, खाली खाली अक्षर बारीक होत जातं, शेवटच्या ओळीत तर भिंग घ्यावं लागेल. पण नाव असतं! गेल्या स्पर्धेत सातही हरलेल्या पोराचंसुद्धा असतं. म्हणून तिथे असे शौकीन आहेत जे सकाळी रिकाम्या स्टेडियममध्ये येऊन खालच्या पायऱ्यांवरच्या आपल्या आवडत्या पोरांच्या कुस्त्या बघतात. हा माकुशितात किती वर आला, पुढच्या वेळी ज्युर्योत जाईल का, याचे अंदाज बांधतात. ज्युर्योत गेला की पगार सुरू होतो. त्याच्या खाली फक्त भत्ता, स्वयंपाक आणि झाडलोट. म्हणजे ती एक पायरी म्हणजे पोराचं सगळं आयुष्य.

तेरुनोफुजी नावाचा मंगोलियन पैलवान होता. ओझेकी, म्हणजे दोन नंबरच्या मानाला पोचलेला. गुडघे गेले, आजारपण आलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये तो खालून दुसऱ्या पायरीवर, जोनिदानमध्ये येऊन पडला. आपल्याकडे असता तर आपण "संपला" म्हणून मोकळे झालो असतो. तिथे त्याचं नाव त्या बारीक अक्षरांत यादीत होतं. तो एकेक पायरी चढला, आणि २०२१ मध्ये योकोझुना झाला, सगळ्यात वरचा मान. आपलं नाव यादीत आहे आणि जिंकलं तर वर जाईल एवढी खात्री नसती, तर तो कशाला चढला असता?

मी सुमोचे गोडवे गात नाही. तिथे खालच्या पोरांना मारझोड होते हे जगजाहीर आहे. २००७ मध्ये १७ वर्षांचा एक शिकाऊ पोरगा त्यात मेला आणि त्याच्या वस्तादाला तुरुंगात जावं लागलं. ते आपल्याला नकोच. हवी आहे ती शिडी आणि यादी.

कारण आमच्याकडे काय आहे? शाळेत शिडी आहे, हे मान्य करतो. तालुका, जिल्हा, मग आमचा अमरावती विभाग, मग राज्य. चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालचे गट. दहावी-बारावीला सवलतीचे गुण. एकोणिसावं संपलं की शिडी काढून घेतात. मग उरतात जत्रेचे फड. तिथे हलगी वाजते, पोरगं हात वर करून जोड मागतं, पंच नजरेने जोड लावतात, जिंकलं तर पाचशे रुपये आणि नारळ. आयुष्यभर जिंकलं तरी पुढच्या जत्रेत ते पुन्हा तिथूनच सुरू करतं, कारण गेल्या जत्रेत काय झालं हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं. शेवटच्या लाखाच्या कुस्तीसाठी बाहेरून नाव असलेला गडी आणतात, आणि ती सुरू होईपर्यंत निम्मे लोक चहा पीत बसतात.

सुमोत पैलवान जिंकला की वर जातो. आमच्याकडे पैलवान खाल्लं की वर जातो! वर जायचा रस्ता एकच, वजन. ५७ चा पोरगा कितीही जिंकला तरी पारावर तो ५७ चाच. मग त्याला सगळे सांगतात, वजन वाढव.

मीही सांगितलं होतं. ते कबूल केल्याशिवाय हा लेख लिहायचा मला अधिकार नाही.

माझ्या शाळेत एक पोरगा होता. नाव लिहीत नाही. दहावीला ४८ किलो. काय चपळाई होती! एकेरी पट काढायचा तर समोरच्याला कळायच्या आत तो खाली. जिल्ह्यात दोनदा पहिला, विभागात एकदा दुसरा. बारावीनंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, आता काय करू?" मी शहाणपणाने म्हणालो, "वजन वाढव, केसरीच्या गटात जा, मग नाव होईल." त्याच्या बापाने सोयाबीनच्या पैशातून दूध-बदाम चालू केले, एक म्हैस घेतली, पुढे ती विकली. पोरगं तीन वर्षांत ७५ वर गेलं. चपळाई गेली, ताकद त्या मानाने आली नाही, आणि गुडघा दुखावला. पुढे त्याने लंगोट खुंटीला टांगला. आज तो पुण्याकडे टेंपो चालवतो.

मी त्याला ५७ वर थांब म्हणायला हवं होतं. पण ५७ वर थांबून काय मिळतं, हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी पण त्याच पारावरचा.

"लोकांना मोठाच गडी बघायला आवडतो," असं मला सांगतात. आवडू द्या की! मीही जालन्याला शेवटच्या कुस्तीला उठून उभा राहिलो होतो. पण लोकांना काय आवडतं हे थोडंफार आपण त्यांना काय दाखवतो यावरही असतं. कुस्तीच्या पुढाऱ्यांनी काय दाखवलं? २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाला आणि धाराशिवला दुसरा. एका महिन्यात दोन केसरी! सिकंदर शेख आणि शिवराज राक्षे दोघेही तोलाचे मल्ल, दोष त्यांचा नाही. पण दोन अधिवेशनं भरवायला ज्यांच्याकडे पैसा आणि माणसं आहेत, त्यांच्याकडे एक यादी ठेवायला कारकून नाही?

माझं मागणं फार नाही. प्रत्येक जिल्ह्याने वर्षातून दोनदा प्रत्येक वजनगटाची क्रमवारी छापावी, आणि ती तालुक्याच्या तालमीत, शाळेच्या भिंतीवर लागावी. जत्रेच्या पंचांनी जोड लावताना तिच्यावर एकदा नजर टाकावी. आणि जो पोरगा आपल्या गटात वर येईल, त्याचा खुराक एक वर्ष तरी सुरू राहील एवढी सोय व्हावी. वजन वाढवण्यासाठी नाही, आहे त्या वजनात जिंकण्यासाठी. गदेच्या मंडपाच्या खर्चापुढे हा खर्च काय असेल, हे मंडपवाल्यांनाच विचारा.

तोवर माझी वही आहे. गेल्या दिवाळीत तो टेंपोवाला पोरगा घरी आला होता. चहा झाला, आणि मग जरा लाजतच म्हणाला, "गुरुजी, मपलं नाव हाये का अजून वहीत?" मी पान काढून दाखवलं. त्याने स्वतःचे सगळे निकाल बोट ठेवून वाचले. विभागातल्या दुसऱ्या नंबरावर बोट थोडा वेळ तसंच राहिलं. मग म्हणाला, "माह्या पोराला यंदा तालमीत घातलंय. बारीक हाये, पण पट चांगला काढते."

मी लगेच नवं पान घेतलं. वजन २९ किलो. आता त्याला वजन वाढव म्हणणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे.

असो. तुमच्या गावातल्या सत्तावन किलोवाल्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर उद्या सकाळी तालमीत जाऊन विचारून या.