रोबोचे सांधे आणि नरोलीचे मोल्डर

रोबो बाहुलीचे परीक्षण करणारा माणूस आधी चेहरा पाहतो, मग रंगकाम, मग सोबत आलेल्या बंदुका-तलवारी. मोल्डरने आधी घोटा पाहावा. सगळ्या अंगाचा भार तिथे येतो, जागा सगळ्यात कमी तिथेच असते, आणि पुढे-मागे व आडवा असा दोन्हीकडे वळणारा सांधा त्या एवढ्याशा जागेत बसवायचा असतो. एका पायावर उभा केलेला रोबो सकाळपर्यंत कलंडला, तर शिल्पकाराला बोल लावून उपयोग नाही. दोष मोल्डमध्ये, दाण्यात किंवा मशीनच्या सेटिंगमध्ये शोधावा लागतो.

या महिन्यात संपादकीयाच्या जागी म्हणूनच एका खेळण्याचे परीक्षण आहे. बंडाई या जपानी कंपनीच्या ‘रिअल ग्रेड’ मालिकेतला पहिला रोबो, आरएक्स-७८-२ गुंडम, जुलै २०१० मध्ये बाजारात आला. प्रमाण १/१४४, कथेतला १८ मीटर उंचीचा यंत्रमानव इथे साडेबारा सेंटिमीटरचा. किंमत २,५०० येन. खेळणे नवे नाही, पण प्लास्टिक मोल्डिंगच्या धंद्यातल्या माणसाला त्यातून जे शिकता येते ते आजही शिळे झालेले नाही. शिवाय सांध्यांची खरी परीक्षा काही वर्षे उलटल्यावरच होते.

आधी थोडे मागे जायला हवे. गुंडमचे पहिले प्लास्टिक किट जुलै १९८० मध्ये आले, ३०० येनला. तेही १/१४४ प्रमाणातच होते. गोंद लावून जोडायचे, रंग स्वतः द्यायचा, आणि एवढे करून रोबो जवळजवळ ताठच उभा राहायचा. १९९० मध्ये ‘हाय ग्रेड’, १९९५ मध्ये ‘मास्टर ग्रेड’ आणि १९९८ मध्ये मोठ्या १/६० प्रमाणातला ‘परफेक्ट ग्रेड’ गुंडम अशी चढण कंपनीने चढली. परफेक्ट ग्रेडमध्ये आत हाडांसारखा सांगाडा आणि वरून चिलखत अशी रचना होती. ती सगळी साडेबारा सेंटिमीटरमध्ये उतरवायची, हा रिअल ग्रेडचा डाव.

त्यासाठी बंडाईने जे केले, ते पाहून कुठल्याही टूलरूमवाल्याच्या भुवया वर जातील. सांगाड्याचे हात-पाय सुटे भाग म्हणून येतच नाहीत. ते रनरवरच जोडलेल्या अवस्थेत मोल्ड होतात. निपरने गेट कापला की हातात आलेला पाय गुडघ्यात वाकतो. एकमेकांना न चिकटणारी दोन प्लास्टिके एकाच मोल्डमध्ये एकापाठोपाठ ओतून हे साधले आहे. कंपनीने त्याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड एमएस जॉइंट’ असे नाव दिले. गुडघा पुरता दुमडला की मांडीवरचे आणि नडगीवरचे चिलखताचे पत्रे सरकून आतली यंत्रणा उघडी पडते. एवढ्याशा रोबोत हे पाहताना मोल्ड बनवणाऱ्याला दाद द्यावीच लागते.

दाद देऊन झाल्यावर मात्र हिशेब करावा लागतो.

हा रोबो हाताळणाऱ्यांची तक्रार जगभर एकच आहे: काही काळाने सांधे ढिले पडतात, कंबर भार धरत नाही, आणि पोझ बदलताना चिलखताचे तुकडे निसटून पडतात. चिलखताचा तुकडा परत दाबून बसवता येतो. ढिल्या सांध्याचे काय करायचे? तो मोल्डमध्येच बंद झालेला असतो. उघडता येत नाही, पिन बदलता येत नाही, घट्ट करायला स्क्रू नाही. ज्या गोष्टीचे सगळ्यात जास्त कौतुक झाले, तीच दुरुस्तीच्या आड येते.

यामागचे कारण मोल्डिंगवाल्याला समजायला अवघड नाही. दोन शॉटच्या सांध्यात पकड येते ती दुसऱ्या शॉटच्या श्रिंकेजमधून. आतला गोळा आधी मोल्ड केला आणि त्याभोवती वाटी नंतर ओतली, तर वाटी आकसताना गोळ्याला आवळते. उलट, वाटी आधी आणि गोळा नंतर केला, तर गोळा आकसून वाटीपासून सुटतो आणि सांधा पहिल्या दिवसापासून खुळखुळा होतो. म्हणजे क्रम चुकला की संपलेच. क्रम बरोबर असला तरी किती आवळायचे हे श्रिंकेजच्या हाती. एबीएस साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसते, पीओएम म्हणजे अ‍ॅसिटल दोन टक्क्यांच्या आसपास. मोल्डचे तापमान, होल्डिंग प्रेशर, थंड होण्याची वेळ यांतल्या एकानेही जागा सोडली की पकड बदलते. आणि एकदा झिजलेला सांधा परत आवळायचा उपाय ग्राहकाकडे नसतो.

बंडाईला हे कळले नसेल असे मुळीच नाही. नंतरच्या कित्येक रिअल ग्रेड रोबोंत कंपनीने हा तयार सांगाडा मागे ठेवला आणि सुट्या भागांतून जुळवलेले सांधे वापरले. २०२४ मध्ये याच आरएक्स-७८-२ ची दुसरी आवृत्ती आली, तीही सुट्या भागांच्या सांध्यांचीच. या मासिकाचा निकाल त्या बाजूचा आहे: २०१० चा रोबो मोल्डिंगची करामत म्हणून पहिल्या नंबरचा, हातात घेऊन रोज पोझ बदलायचे खेळणे म्हणून मध्यम.

भिलाडहून सिल्वासाकडे जाताना लागणाऱ्या नरोलीच्या पट्ट्यात, खरडपाड्यापासून पुढे सिल्वासापर्यंत आणि शेजारच्या वापी-दमणमध्ये, प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडची कमतरता नाही. करसवलतींच्या काळात दादरा-नगर हवेलीत पॉलिएस्टर धागा आणि प्लास्टिक हे दोन धंदे विशेष फोफावले. सवलती सरल्यावरही मशीन, फिटर आणि ऑपरेटर इथेच राहिले. यातल्या अनेकांच्या मनात खेळण्यांचा विचार येतो आणि ‘आपल्याकडे दोन शॉटचे मशीन कुठे आहे’ या वाक्यापाशी थांबतो. गुंडमची ही कथा त्यांच्यासाठीच इथे सांगितली आहे. ज्या यंत्रणेअभावी ते थांबतात, तिच्यावाचून सांधा जास्त टिकाऊ होतो, हे खुद्द बंडाईने दाखवले आहे.

दुसरा पुरावा घरचाच, गोव्यातला. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या फनस्कूलने हॅस्ब्रोच्या परवान्याने गोव्याच्या कारखान्यात जी. आय. जोचे सैनिक बनवले. रोबो नव्हेत, पण पोझ देता येणाऱ्या बाहुल्यांचे हे भारतातले सगळ्यात मोठे शिक्षण. पावणेचार इंचांची ही रचना १९८२ ची. १९८३ मध्ये तिच्या दंडात फिरणारा जोड आला, म्हणजे बंदूक दोन्ही हातांनी धरता येऊ लागली. पण खरी गंमत पोटात आहे. छाती आणि पाय यांना जोडणारा दुवा म्हणजे एक काळे रबरी ओ-रिंग. धड फिरते, मांड्या वळतात, आणि ताण तेच रिंग धरून ठेवते. रबर पिकले की बाहुली दोन तुकड्यांत हातात येते. मग पाठीचा एक स्क्रू काढायचा, नवे रिंग आकड्यात अडकवायचे, स्क्रू परत बसवायचा. काम संपले.

हॅस्ब्रोने अमेरिकेत ती मालिका १९९४ मध्ये थांबवली, तरी भारतात जुन्या मोल्डवरून या बाहुल्या पुढेही निघत राहिल्या. अमेरिकेतले संग्राहक त्या शोधून मागवू लागले. त्यांचे रंग मूळ मालापेक्षा वेगळे, कधी कधी भडक म्हणावेत असे. तरीही त्या आजवर जपल्या गेल्या, याला ते स्वस्त रिंगही एक कारण आहे. मोल्डरने यावर जरूर विचार करावा: जो भाग झिजणारच, तो बदलता येईल असा ठेवणे हे कसबाचे लक्षण आहे, कमीपणाचे नव्हे.

कायोडो कंपनीच्या २००६ मधल्या ‘रेव्होल्टेक’ बाहुल्यांनीही हीच वाट वेगळ्या तऱ्हेने धरली. त्यांचा सांधा हाच एक सुटा, ठरावीक मापाचा भाग आहे. वळवला की टकटक आवाज करत दात्यांवर अडतो आणि तिथेच थांबतो. घर्षणाऐवजी दात्यांवर भिस्त ठेवल्याने मधल्या कोनात पोझ थांबत नाही, ही त्याची किंमत. पण बाहुली कोणतीही असो, सांधा तोच. एक मोल्ड नीट झाला की तो लाखांनी चालतो. नरोलीच्या मध्यम कारखान्याला परवडणारे गणित हेच आहे.

आता दाण्याविषयी, कारण इथे आपल्याकडची सवय आड येते.

सांध्याच्या पिनसाठी अ‍ॅसिटल उत्तम. ते स्वतःच बुळबुळीत असते, एबीएसच्या वाटीत घासून पीठ होत नाही, पाणी फारसे शोषत नाही. पण ज्या बॅरलमधून काल पीव्हीसीच्या पाइप फिटिंग निघाल्या, त्याच बॅरलमध्ये आज अ‍ॅसिटल घालण्याची घाई करू नये. दोन्ही एकत्र तापले तर विघटन झपाट्याने होते, फॉर्मल्डिहाइड आणि आम्लाचा वायू सुटतो, बॅरलमध्ये दाब वाढतो. पर्जिंग पूर्ण झाल्याशिवाय दाणा बदलू नये, आणि शक्य असेल तर अ‍ॅसिटलसाठी मशीन वेगळेच ठेवावे. डोळे चुरचुरू लागले की मशीन थांबवायचे, हे पाळीवरच्या प्रत्येकाला आधीच सांगितलेले असावे.

एबीएसचे उलट आहे. ते हवेतला ओलावा घेते. जुलै-ऑगस्टमध्ये दमणगंगेच्या काठावरच्या शेडमध्ये हवा किती दमट असते हे इथल्यांना सांगायला नको. ८० अंशांवर दोन ते चार तास दाणा सुकवल्याशिवाय शॉट मारला, तर रुपेरी पट्टे येतात. ते वरच्या भागावर लगेच दिसतात. सांध्याच्या वाटीत आले तर तिथे लक्षही जात नाही. आणि रीग्राइंड? रोबोच्या पाठीच्या पत्र्यात चालेल, सांध्यात एक चिमूटही नको. घर्षण शॉटागणिक बदलले की शंभर रोबोंमधले वीस ताठ, वीस लुळे निघतात आणि कारण कोणाला सापडत नाही.

मास्टरबॅचबाबत एक जुने उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रान्सफॉर्मर्सच्या काही खेळण्यांत चमकीचे कण मिसळलेले सोनेरी प्लास्टिक वापरले गेले. टाकारा कंपनीचा १९८८ चा ब्लॅक झराक त्यातलाच. काही वर्षांनी ते प्लास्टिक नुसत्या हाताळण्याने तडकू लागले आणि संग्राहकांत हा दोष रोगासारखा नावाने ओळखला जाऊ लागला. चमक दिसायला छान, पण पिनच्या भोवतीच्या पातळ भिंतीत ती घालणे म्हणजे तड्याला आमंत्रण. सांध्याच्या भागात रंग साधाच ठेवावा.

कायद्याचा भाग थोडक्यात. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४, आणि दोन्हींना आयएसआय चिन्ह सक्तीचे. सरकारी आकड्यांनुसार २०१८-१९ मधली ३७ कोटी १० लाख डॉलरची आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटींवर आली. दार उघडे आहे, हे खरे. पण ‘१५ वर्षांवरील संग्राहकांसाठी’ एवढे खोक्यावर छापले की बीआयएसचा परवाना लागत नाही, अशी समजूत काही ठिकाणी पसरली आहे. आदेशातली व्याख्या १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेल्या, केवळ त्यांच्यासाठीच असो वा नसो, अशा वस्तूंची आहे. रोबो पाहून आठ वर्षांचे पोर हात पुढे करणार असेल, तर तपासनीसाशी वाद घालण्यापेक्षा टोके बोथट करणे सोपे. बंडाईच्या अनेक किटमध्ये कपाळावरच्या शिंगांच्या टोकाला मुद्दाम एक जाड पट्टी ठेवलेली असते. मोठ्या माणसाला हवी तर तो ती कापतो. मऊ पीव्हीसीचे हात किंवा केबल वापरणार असाल, तर आयएस ९८७३ चा नववा भाग, थॅलेट्सचा, आधी वाचावा. तेच प्लास्टिसायझर शेजारच्या एबीएसलाही खाते आणि रोबो चिकट होतो, हे वेगळेच.

मोल्डसाठी मदत लांब नाही. वलसाडला सिपेटचे केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. पूर्ण रोबोचा मोल्ड बनवायला लागणारा पैसा पहिल्याच फटक्यात घालण्याचे कारण नाही. एकच सांधा घ्या: अ‍ॅसिटलचा गोळा, एबीएसची दोन अर्ध्यांची वाटी, आवळायला एक स्क्रू. दोन कॅव्हिटीचा छोटा मोल्ड करा, कोरडा दाणा वापरा, शंभर नग काढा. मोटरवर लावून ते सतत वाकवत ठेवा आणि पकड कधी सुटते ते लिहून ठेवा. एकदा उन्हाळ्यात, एकदा भर पावसात. ज्या वाचकांनी असा प्रयोग केला असेल किंवा करतील, त्यांनी दाण्याची ग्रेड, मोल्डचे तापमान आणि पकड सुटेपर्यंतचा आकडा संपादकांकडे पाठवावा. नग बिघडलेले असले तरी पाठवावा. कारखान्याचे नाव न छापण्याची विनंती असेल तर ती पाळली जाईल.